वाटीचे दोन ठोके

तुळशीची लग्नं होऊन चार-पाच दिवस झाले होते. मंगळवार होता. फोर्टातल्या कचेरीत मार्तंड कर्णिक जुन्या नकाशांची यादी तपासत बसला होता, तेव्हा हेडक्लार्कने त्याला आपल्या टेबलापाशी बोलावलं आणि फोन त्याच्या हातात दिला. पलीकडून मुलुंडचा औषधवाला बोलत होता.

"कर्णिकसाहेब, घरी या. वहिनींना बरं नाही."

"काय होतंय?"

"तुम्ही या तर खरं."

मार्तंडने फोन ठेवला आणि परत जाऊन यादीतली राहिलेली ओळ पुरी केली. ती का पुरी केली, हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. मुलुंडला पोहोचला तेव्हा दाराबाहेर चपला होत्या. शेजारची शेवंती जिन्यातच बसली होती. तिने डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली, "वयनी गेली, भाऊ."

वनमाला भाजी घेऊन परत येत होती. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी तिने पिशवी खाली ठेवली, कपाळाला हात लावला आणि बसली. बसली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्त उतरलं.

"किती वाजता?" मार्तंडने विचारलं.

शेवंती म्हणाली, बाराचा भोंगा होऊन गेला होता. गिरणीवाला म्हणाला, भोंगा व्हायचा होता. डॉक्टरांनी दाखल्यावर लिहिलं, 'सुमारे बारा'. मार्तंडने तो कागद घेऊन त्यांना पुन्हा विचारलं, "सुमारे म्हणजे?" तेव्हा त्याचा मेहुणा त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "आता वेळ घेऊन काय करायचंय, मार्तंडराव?"

त्याचंही खरंच होतं. पण मार्तंडला वेळ विचारायची सवय होती, आणि ती सवय त्या घरात दोघांची मिळून होती.

सात वर्षांपूर्वी घाटकोपरचे अनंतराव वर्तक या दोघांच्या गच्चीवर एक दुर्बीण ठेवून गेले. अनंतराव शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, म्हणून तीन इंची भिंगाची ती दुर्बीण त्यांनी मार्तंडच्या हवाली केली, आणि बरोबर एक कामही दिलं. चंद्र आकाशात सरकताना वाटेतले तारे झाकत जातो. कुठला तारा कधी झाकला जाणार याची छापील यादी विलायतेहून यायची. आपण तो क्षण बघायचा, मोजायचा आणि तिकडे कळवायचा. चंद्राचा हिशेब त्यावरून ते दुरुस्त करत.

मार्तंडचा उजवा डोळा लहानपणी विटी लागून अधू झालेला. डाव्याला जाड भिंगाचा चष्मा. पहिल्याच संध्याकाळी त्याला काही धड दिसेना. तेव्हा वनमाला गच्चीवरचे पापड गोळा करत होती, ती म्हणाली, "बघू, मी बघते." तिने डोळा लावला आणि म्हणाली, "दिसते की. चंद्राच्या काळ्या बाजूला एकटीच चांदणी आहे." तेव्हापासून बघायचं काम तिचं आणि घड्याळाचं काम त्याचं.

बोलून सांगायला वेळ लागतो म्हणून तिने एक युक्ती काढली. हातात पितळेची वाटी घ्यायची आणि चांदणी गेली की ती गच्चीच्या कठड्यावर आपटायची. टक्. मार्तंड शेजारी स्टुलावर बसायचा. टक् झालं की घड्याळाचा खटका दाबायचा, घड्याळ सुरू व्हायचं. मग घड्याळ हातात सांभाळून खाली यायचं आणि रेडिओवर बातम्यांआधी वाजणाऱ्या सहा ठोक्यांपैकी शेवटच्याला ते थांबवायचं. मधला वेळ वजा केला की तारा कधी झाकला ते कळायचं. डोळ्यापासून वाटीपर्यंत आणि वाटीपासून खटक्यापर्यंत जो उशीर लागे, तो अनंतरावांनी मोजून दिला होता: दोघांचा मिळून अर्धा सेकंद. वनमाला शेजारणींना सांगायची, "आमचा दोघांचा उशीर अर्धा सेकंद. बाकी सगळा यांचा."

तिच्या दिवसांनंतर दोन आठवड्यांनी अनंतराव आले. आधी वर्तमानपत्रावर काठी ठेवून बसले. मग खिशातून एक लिफाफा काढला.

"हे विलायतेहून आलंय. तुझ्या नावाने आहे, पण माझ्या पत्त्यावर. वाचून दाखवतोस का? मला अक्षरं दिसत नाहीत."

मार्तंडने वाचलं. इंग्रजी सोपं होतं, तरी त्याने दोनदा वाचलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंभ राशीतला जो तारा चंद्राने झाकला, तो दक्षिणेकडच्या एका निरीक्षकाला एकदम गेलेला दिसला नाही. आधी मंद झाला, क्षणभर तसाच राहिला, मग गेला. याचा अर्थ तिथे एक तारा नसून अगदी चिकटलेले दोन असावेत. श्री. एम. कर्णिक यांनी त्याच संध्याकाळी तोच तारा मुंबईजवळून पाहिला आहे. त्यांना असं काही दिसलं होतं का? दिसलं असल्यास दोन टप्प्यांमध्ये किती वेळ गेला?

मार्तंडने कागद खाली ठेवला.

"अरे, बोल ना," अनंतराव म्हणाले. "दिसलं होतं का तिला?"

"दोन तारे असले तर दोनदा जातात?"

"मग? चंद्राला हवा नाही. त्याची कड म्हणजे सुरी. एकच तारा असेल तर एका घावात जातो. दोन असले तर आधी एक, मग दुसरा. दुर्बिणीतून बघशील तर जन्मात दोन दिसायचे नाहीत, एकच ठिपका. पण सुरी त्यांना वेगळं करते. आणि मधला वेळ मिळाला की दोघांत अंतर किती ते निघतं. तिकडे मोठ्या वेधशाळांत तर याच तऱ्हेने ताऱ्याची जाडीसुद्धा मोजायला लागलेत. एका गावचा आकडा पुरत नाही. चंद्राची कड तिथे एका बाजूने येते, इथे जरा दुसऱ्या. दोन गावचे आकडे मिळाले तर ते दोन तारे कसे मांडलेत तेही कळेल. म्हणून विचारतायत. तिने काही म्हटलं होतं?"

"दोनदा वाजवलं होतं तिने," मार्तंड म्हणाला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची ती संध्याकाळ त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवत होती. चंद्र बराच वर आलेला. शेवंती तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा परत द्यायला गच्चीवर आलेली आणि तिथेच टेकलेली. वनमाला म्हणाली, "गप गं आता, जवळ आली." मग टक्. मार्तंडने खटका दाबला. घड्याळ सुरू झालं. आणि लगेच पुन्हा टक्. त्याचा अंगठा सवयीने पुन्हा दाबला गेला आणि घड्याळ थांबलं. त्याला राग आला. त्याने तिसऱ्यांदा दाबलं. त्या घड्याळाचं असं होतं, एकदा दाबलं की सुरू, दुसऱ्यांदा बंद, तिसऱ्यांदा काटा परत शून्यावर.

"अगं, दोनदा काय वाजवतेस? वाट लागली सगळ्याची!"

"दोनदा गेली ती."

"चांदणी दोनदा कशी जाईल?"

"आधी बारीक झाली. मग गेली."

"डोळा लवला असेल तुझा."

"माझा लवलेला डोळा तुम्हाला स्टुलावरून दिसला वाटतं?"

शेवंती हसली होती. त्यामुळे त्याला जास्तच राग आला. म्हणाला, "पुढच्या वेळेला एकदाच वाजव."

"एकदाच वाजवीन. पण कुठल्या जाण्याचं वाजवू, पहिल्या की दुसऱ्या? ते आत्ताच सांगून ठेवा."

त्याने घड्याळ पुन्हा सुरू केलं, खाली आला, सहाव्या ठोक्याला थांबवलं आणि मध्ये वाया गेलेल्या वेळाचे अंदाजाने दहा सेकंद धरले. वही लिहिताना शेरा काहीच लिहिला नाही. महिनाअखेर तो आकडा बाकीच्या आकड्यांबरोबर टपालात गेला. निरीक्षकाच्या रकान्यात नाव होतं एम. कर्णिक. सातही वर्षं तेच होतं. दुर्बीण त्याच्या ताब्यात होती, तक्ता तो भरत होता, म्हणून त्याने आपलं नाव लिहिलं. वनमालाने ते कधी विचारलं नाही. निदान त्याला तसं आठवत नव्हतं.

हे सगळं त्याने अनंतरावांना सांगितलं.

"म्हणजे पहिल्या टक्ला सुरू झालं आणि दुसऱ्या टक्ला थांबलं," ते म्हणाले. "मार्तंडा, नेमका तोच आकडा त्यांना हवाय. तुमचा तो अर्ध्या सेकंदाचा उशीर दोन्हीकडे सारखाच. वजा होऊन गेला. तुमच्या सात वर्षांच्या वहीत इतका स्वच्छ आकडा दुसरा नसेल. आणि तू तो पुसलास."

"हो."

"काटा कुठे होता?"

"बघितला असेल मी. दाबायच्या आधी नजर जातेच."

"मग?"

"तीन घरं. किंवा दोन." त्या घड्याळात सेकंदाची पाच घरं होती. "तीन असावीत."

"असावीत?"

"मला कळत नाही."

अनंतराव काठी घेऊन उठले. दारात थांबून म्हणाले, "हे बघ, तीन लिहून टाक. कंसात 'अंदाजे' लिही. तिचं नाव लाव. नोंद होईल तिची. तेवढं तरी कर."

तेवढं करणं सोपं होतं. मार्तंडने त्या रात्री कोरा तक्ता काढला, निरीक्षकाच्या रकान्यात 'वनमाला' लिहिलं आणि थांबला. पुढचा रकाना मधल्या वेळाचा होता. तिथे तीन घरं लिहिली आणि ती दोन असली, तर तिकडचा कुणी ते दोन तारे चुकीच्या जागी मांडणार आणि ती चूक वनमालाच्या नावावर राहणार. तिने चूक केलीच नव्हती. चूक म्हणणारा तो होता. आणि आकडाच लिहिला नाही, तर नुसत्या नावाचं ते तिकडे काय करणार? त्याने तक्ता वहीत घालून ठेवला.

दुसऱ्या दिवशी शेवंती भाकरी घेऊन आली तेव्हा त्याने विचारलं, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तू गच्चीवर होतीस ना?"

"होतंय तर. वयनीन दोनदा वाजवल्यान आणि तुम्ही ओरडलात."

"मधे किती वेळ होता?"

"आता तो कसो सांगू? काय मोजून ठेवलंय?"

"आठवतं का पण?"

"आठवता म्हंजे? माका अजून आयकाक येता."

मार्तंडने फडताळातून पितळेची वाटी काढली. तिची एक कड आपटून आपटून चपटी झाली होती. "वर चल. तसंच वाजवून दाखव."

शेवंतीने भाकरी झाकून ठेवली आणि गच्चीवर आली. वनमाला उभी राहायची तिथे उभी राहिली. मार्तंड स्टुलावर बसला. तिने डोळे मिटले, ओठ हलवले आणि वाजवलं. टक्, टक्.

दोन घरं.

"पुन्हा."

टक्, टक्. चार घरं.

"असं कसं? मघाशी दोन होती."

"मघाशीच बरोबर होता. नाय, ह्या बरोबर. थांबा, तुम्ही बघू नका माज्याकडे." टक्, टक्. तीन घरं.

"यातलं कुठलं?"

"तुमीच खटको बरोबर दाबूक नाय."

"मी बरोबर दाबतो."

"तेव्हा पण असाच म्हणालात," शेवंती म्हणाली, आणि मग तिने जीभ चावली. वाटी कठड्यावर ठेवून ती खाली गेली. जाता जाता जिन्यातून म्हणाली, "भाकरी निवता."

मार्तंड एकटाच बसून वाजवून बघत राहिला. जितकं वाजवलं तितकं त्याच्या कानातलं पहिलं पुसत गेलं. संध्याकाळपर्यंत त्याला अशी शंका यायला लागली: ते दोन टक् दसऱ्यानंतरचेच, की त्याच्या आधी भाद्रपदातही एकदा तिने दोनदा वाजवलं होतं आणि तेव्हाही तो काही बोलला होता? भाद्रपदात कुठला तारा होता? वही काढली. भाद्रपदात सगळे दिवस ढगाळ. मग ते कुठून आलं?

यादीत एकच आशा होती. तोच तारा मुंबईहून पुन्हा झाकला जाणार होता तो पौष शुद्ध पंचमीला, संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला. त्यानंतर चंद्राची वाट सरकणार होती आणि पुढची कित्येक वर्षं तो तारा तिच्यात येणार नव्हता. अनंतराव म्हणाले, "हा आकडा तुझा असेल, तिचा नव्हे. पण तुला दोन टप्पे दिसले, तर तिला दिसले होते हे शाबीत होईल. आणि वेळ कळला, तर तुझी तीन घरं की दोन, तेही कळेल. कड थोडी वेगळी येईल, ते मी हिशेबात घेईन." येतो म्हणाले होते, पण त्या दिवशी त्यांचा दमा उसळला.

पंचमीला आकाश साफ होतं. चंद्रकोर पश्चिमेला, तिची काळी बाजूही अंधुक दिसत होती. मार्तंडने चष्मा काढला, डावा डोळा लावला, दुर्बिणीची नळी पुढेमागे करून ठिपका बारीक केला आणि घड्याळ उजव्या हातात धरलं. वाटीची आता गरज नव्हती. बघणारा आणि दाबणारा एकच. तरी वाटी त्याने कठड्यावर ठेवली होती. शेवंती वर आली नाही, पण खालून तिने विचारलं, "दिसता?"

"दिसते."

ठिपका चंद्राच्या कडेला टेकायला आला. मार्तंडचा डोळा पाण्याने भरला, त्याने तो मिटला नाही. आणि मग ठिपका गेला. त्याचा अंगठा दाबला गेला. पुन्हा दाबला गेला.

त्याने डोळा काढून घड्याळ दिव्यापाशी नेलं. यावेळी त्याने तिसऱ्यांदा दाबलं नाही. काटा तीन घरांवर थांबला होता.

तो आनंदाने जिन्यापर्यंत गेला. "शेवंती, तीन!" असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि थांबला. मधे त्याने काय पाहिलं होतं? ठिपका बारीक झालेला पाहिला होता का? डोळ्यात पाणी होतं, ठिपका तसाही पसरला होता. एकदा गेला हे नक्की. पण दुसऱ्यांदा दाबलं ते दुसरा तारा गेला म्हणून, की तीन आठवडे रोज गच्चीवर टक्-टक् करून अंगठ्याला तीच चाल लागली म्हणून? तीन घरं आभाळातून आली, की त्याला हवी होती म्हणून आली? तो पुन्हा दुर्बिणीपाशी गेला. तिथे आता चंद्राची नुसती काळी कड होती.

दुसऱ्या दिवशी अनंतरावांना त्याने घाटकोपरला जाऊन सांगितलं. ते खाटेवर उशांना टेकून बसले होते. धाप लागत असतानाही ते हसले.

"तीन आले ना? मग झालं. आठवण तीन, घड्याळ तीन. पाठव."

"मला दिसलं की नाही, ते कळत नाही."

"तिला दिसलं होतं."

"तिला दिसलं होतं. पण ते तीन होते की नाही, ते तिला विचारायला हवं."

अनंतराव म्हणाले, "मी शाळेत मुलांना सांगायचो, जे दिसलं ते लिही, जे हवंय ते लिहू नको. आणि तुला नेमकं उलटं सांगत बसलो. म्हातारा झालो. पण मार्तंडा, तिच्यावर विश्वास ठेवायला एक आकडा कशाला पाहिजे तुला? तेव्हा ठेवला असतास तर आकडा मिळालाच असता."

मार्तंड उठला आणि चालत स्टेशनकडे निघाला.

घरी येऊन त्याने तक्ता पुन्हा पुढे घेतला. आधीचा दहा सेकंदांचा अंदाज त्याने कबूल केला आणि ती वेळ संशयित धरावी असं लिहिलं. एवढं निर्धास्त लिहिता आलं. निरीक्षकाचं नाव दुरुस्त करून मागच्या सात वर्षांच्या सगळ्या नोंदी वनमाला मार्तंड कर्णिक यांच्या आहेत, एम. कर्णिक हा फक्त घड्याळ धरत होता, हेही लिहिलं. नावाआधी सौ. लिहायचं की कै., यात त्याची अर्धी दुपार गेली. शेवंतीला विचारलं. ती म्हणाली, "ज्या दिवशी बघल्यान त्या दिवशी सौभाग्यवती होती ना? मग सौ. लिवा." त्याने सौ. लिहिलं.

शेऱ्याच्या जागी लिहिलं: 'निरीक्षकाने दोनदा खूण केली. तारा आधी मंद झाला आणि मग गेला, असं तिने त्याच वेळी सांगितलं.' हे त्याला नक्की आठवत होतं.

मधल्या वेळाचा रकाना तेवढा राहिला. तिथे तीन लिहायचे, दोन लिहायचे, की 'मोजला होता, पुसला गेला' असं लिहायचं, हे त्याचं अजून ठरलेलं नाही. फाल्गुन लागला. तक्ता वहीत आहे, लिफाफ्यावर पत्ता घालून झालाय, आणि पत्र टपालात टाकायचं राहिलं आहे.